मज हालांत ने

माझं नाव क्षमा. हे नाव ठेवणाऱ्या आत्याला मी अजून क्षमा केलेली नाही.

अकरा वर्षांपासून मला संधिवात आहे. म्हातारपणी सगळ्यांचे गुडघे कुरकुरतात तो नव्हे, आपलंच शरीर आपल्याला शत्रू समजून पोखरतं तो. सकाळी दहापर्यंत बोटं वळत नाहीत. रविवारी आठवड्याच्या गोळ्या घ्यायच्या, सोमवारी ओकारी दाबत पडून राहायचं, मंगळवारी पुन्हा माणसात यायचं. लोक विचारतात, दिवस कसा जातो? मी सांगते, सूड घेण्यात. त्यांना वाटतं मी गंमत करते. पण दुखण्याने मला जे जे सोडायला लावलं, त्यातलं चिमूटभर जरी मी परत हिसकावून घेतलं, तरी तो माझ्या लेखी सूडच असतो. त्या दिवशी मला झोपही चांगली लागते.

मी मूळची सांगलीची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चेन्नईला, मैलापुरात आले. सासरची माणसं मराठीच, पण तीनशे वर्षं तंजावरात मुरलेली, नंतर पोटासाठी इकडे आलेली. त्यांची मराठी जुन्या बरणीतल्या लोणच्यासारखी, ओळखीची पण चव निराळी. पहिल्याच दिवशी मी माप ओलांडून आत आले आणि सासूबाई कोणाला तरी म्हणाल्या, "सूनबाईस हालांत बसवा. तिचं सामानही अस्की हालांतच राहूं दे." मी आल्या पावली दाराकडे वळून पाहिलं. सासवा छळतात हे ऐकून होते, पण इतकं उघड कोणी बोलून दाखवत नाही. माझे यजमान विजयेंद्र हसून हसून लाल झाले. त्यांच्या घरात हॉलला हाल म्हणतात, 'अस्की' म्हणजे सगळं, एवढं त्यांनी मला समजावलं आणि मी हालात जाऊन बसले.

ही गंमत मी माहेरी कधी सांगितली नाही. सासरच्या बोलण्याची चेष्टा माहेरी करायची नाही, असं आईने निघताना बजावलं होतं. आईचं एवढं एकच मी ऐकलं आणि ते पुढे फार उपयोगी पडलं.

चार वर्षांपूर्वी गुडघेही गेले. न्हाणीघर हॉलला लागून, म्हणून माझा पलंग हॉलच्या खिडकीशी आणला. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर पडून राहायची लाज वाटायची. मग लक्षात आलं की अख्ख्या गल्लीतली सर्वात चांगली जागा आपल्याला फुकटात मिळालेली आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर. खाली कोपऱ्यावर अंजलै मोगऱ्याचे गजरे विकते आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून मोजून देते. तिचा हात आखूड आहे, हे गल्लीत फक्त मला माहीत आहे. दर शुक्रवारी ती एक तुकडा वर फेकते. माझ्या बोटांना तो झेलता येत नाही, मांडीवर मात्र झेलता येतो.

समोरच्या घरात गुरुराज नावाचे गृहस्थ राहतात. "सगळे आजार मनातून येतात," असं त्यांनी मला एकदा माझ्याच पलंगाशी खुर्ची ओढून ऐकवलं होतं. त्यांची पांढरी गाडी कडुनिंबाखाली उभी असते आणि त्या झाडावर कावळ्यांची वस्ती आहे. रोज सकाळी सात वाजता ते हातात फडकं घेऊन बाहेर येतात, गाडीकडे बघतात आणि मान हलवतात. त्या वेळी माझी बोटं लाकडासारखी असतात, पण मन प्रसन्न असतं. दुसऱ्याची फजिती डॉक्टरांनी मला अजून वर्ज्य केलेली नाही.

आणि साडेतीनची कॉफी. स्टीलच्या टंबलरातली, काठोकाठ, चटका बसेल इतकी गरम. टंबलर मी दोन्ही तळव्यांत धरते. ती ऊब पेरापेरांत उतरते आणि पाच मिनिटं, फार तर सात, ही बोटं माझी होतात. तेवढ्या वेळात मी एकेक बोट उघडते, मिटते, उघडते. सगळ्या दिवसात माझ्या मनासारखं घडणारं तेवढंच असतं.

आता अक्कांविषयी. सईबाई माझ्या थोरल्या नणंद, वय सहासष्ट. केंद्र सरकारच्या कचेरीतून मुदतीआधीच निवृत्त झाल्या, यजमान वारले, आणि इथे भावाकडे राहायला आल्या त्याला बारा वर्षं झाली. दारावरची पाटी विजयेंद्रांची, राज्य अक्कांचं. गिंडीच्या कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणारे माझे यजमान बहिणीपुढे आले की त्यांची जीभ टाळूला चिकटते. अक्का दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. दुष्टांशी वागणं सोपं असतं. अक्का माझ्या भल्यासाठी वागतात. सांडू नये म्हणून त्यांनी माझा टंबलर काढून घेतला आणि तान्ह्या मुलांना देतात तसा नळीचा प्लास्टिकचा कप आणला. त्यातून कॉफी कोमट लागते आणि हातांना काहीच लागत नाही. तो कप मी तीनदा जमिनीवर पाडला. फुटेना.

यंदाच्या नवरात्रात वस्तीतल्या महिला मंडळाने गोलूची स्पर्धा ठेवली. इकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, बायका बघायला येतात, त्यांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, आणि हळदकुंकू द्यायचं. आमच्याकडे दरवर्षी कोपऱ्यात पाच पायऱ्यांचा गोलू असायचा. यंदा अक्कांनी नऊ पायऱ्या ठरवल्या. मग त्यांनी हॉल नजरेने मोजला आणि ती नजर माझ्या पलंगावर येऊन थांबली.

"नऊच दिवस, क्षमा," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलींत नीज. परीक्षक येणार, सवाष्णी येणार. देवीसमोर दुखणेकरी बाई आडवी पडलेली बरं दिसत नाहीं."

मी विजयेंद्रांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "राहू दे ना अक्का, तिला तेच बरं पडतं." एवढं बोलून त्यांचं शौर्य संपलं. संध्याकाळी दोन माणसं आली आणि पलंग उचलून मागे नेला.

मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात बाहेर काढला तर भिंत लागते. खाली पाण्याची मोटार आहे, ती सुरू झाली की पलंगाची दांडी थरथरते. पण मला भीती भिंतीची नव्हती, 'नऊच दिवस' या शब्दांची होती. नऊ वर्षांपूर्वी अक्कांनी सासूबाईंनाही असंच नवरात्रात नऊ दिवसांसाठी या खोलीत आणलं होतं. त्यांची एक बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. रोज संध्याकाळी त्या म्हणायच्या, "मज हालांत ने, सई." शेवटचा 'ने' लांबवत, लहान मुलीसारखा. अक्का म्हणायच्या, "उद्यां, आई." सात महिने अक्का रोज उद्यां म्हणाल्या. त्यानंतर सासूबाईंना हॉलात आणलं ते जमिनीवर निजवायला, डोक्याशी दिवा लावून.

मी तेव्हा चालतीफिरती होते. मीही त्यांना नेलं नाही. हे मी सहसा आठवत नाही.

मागे नेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी अक्कांना स्वच्छ सांगितलं की मला परत हॉलमध्ये न्या. "नऊ दिवस होऊं देत," त्या म्हणाल्या, "अप्पुरम बघूं." अप्पुरम म्हणजे मग. त्यांच्या सगळ्या 'मग'ना मी ओळखून आहे. तेव्हाच मी ठरवलं की या बाईला आपण सोडायचं नाही. कसं, ते ठरत नव्हतं. धड चालता न येणाऱ्या बाईला सूडही बसल्या जागीच शोधावा लागतो.

तो तिसऱ्या दिवशी आपणहून चालत आला. माझा मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला होता. सांगलीहून दादाचा, रत्नाकरचा फोन आला. दादा निवृत्त मुख्याध्यापक आहे आणि अजून मैदानावर प्रार्थनेला उभा असल्यासारखा बोलतो. अक्कांना कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकर लावतात. त्यामुळे दोन्ही बाजू मला पडल्या पडल्या ऐकू आल्या.

"क्षमा कशी आहे?" दादाने विचारलं.

"काय सांगूं, रत्नाकरराव," अक्का म्हणाल्या. "चार वर्षं हालांतच काढलीं तिनं. रात्रंदिवस हालांत."

दादाचा आवाज चढला. "चार वर्षं? आम्हाला काही बोलली नाही ती."

"तिज सवय झाली. माझ्या मनांत कधींपासून होतं, तिज हालांतून काढावं. पण विजयेंद्र ऐकेना. राहूं दे, तिज तेंच बरं, म्हणाला."

"विजयेंद्रराव असं म्हणाले?"

"माझ्यासमोर म्हणाला. शेवटीं मीच हट्ट धरला. आतां मागच्या खोलींत ठेवली आहे, पाव्हण्यांच्या नजरेस पडूं नये म्हणून दार ओढून घेतों. पण ती रडती. मज परत हालांतच न्या म्हणती. तिचं मन थोडं फिरलं कीं काय, नकळे."

दादाने फोन ठेवला, निरोप न घेता. अक्का म्हणाल्या, "लाइन कट झाली." मी उशी तोंडावर धरून हसले. हसताना बरगड्या दुखतात, तरी हसले. एक हाक मारली असती, हाल म्हणजे हॉल एवढं म्हटलं असतं, की सगळं मिटलं असतं. मी हाक मारली नाही. संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा दादाचे सहा कॉल दिसले. बोटांनी नंबर लागत नाही ही सबब तयारच होती. बोलून लिहायची सोय मात्र आहे, म्हणून एकच निरोप पाठवला. "काळजी करू नकोस दादा. सोसते आहे." त्या दिवशी कोमट कॉफीसुद्धा मला गोड लागली.

सहावा दिवस रविवारचा. परीक्षक बायका अकराला आल्या, तिघी. अक्कांनी जांभळी कांजीवरम नेसली होती. तंजावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्यांची माहिती त्या तमिळमध्ये सांगत होत्या, सुंडलाच्या द्रोणांचा वास माझ्यापर्यंत येत होता. तेवढ्यात बेल वाजली आणि हॉलमध्ये दादाचा आवाज घुमला. आयुष्यात दुसऱ्यांदा विमानात बसून तो आला होता.

"सईबाई, माझी बहीण कुठे आहे?"

"या, या, रत्नाकरराव. बसा. सुंडल घ्या."

"मी बसायला आलेलो नाही. माझ्या बहिणीला तुम्ही चार वर्षं हालात ठेवलंत, हे तुम्हीच मला सांगितलंत. खरं की खोटं?"

"खरंच," अक्का गोंधळून म्हणाल्या. "हालांत हवा चांगली येती."

शाळेतल्या पस्तीस वर्षांत दादाला असं उत्तर कोणी दिलं नसावं. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचं? आमच्याकडे अस्की माणसं हालांतच मोठीं झालीं. पाव्हणेही हालांतच निजतात. तुम्हांसही आज हालांतच गादी घालूं."

मी इकडे उशी चावत होते. इतकी भरपेट करमणूक मला अकरा वर्षांत लाभली नव्हती. दादा मग विजयेंद्रांकडे वळला. "आणि तुम्ही? राहू दे, तिला तेच बरं, असं म्हणालात? माझ्या बहिणीचे हाल कुत्रा खाईना, आणि तुम्ही इथे बाहुल्या मांडून बसलात?" विजयेंद्र म्हणाले, "हो, म्हणालो होतो, पण..." त्यांचं 'पण' नेहमीप्रमाणे तिथेच राहिलं. तिन्ही परीक्षक द्रोण हातात धरून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. एकीने विचारलं, घरात कोणी वारलं का?

इथपर्यंत सगळं मी मनात मांडलं होतं तसंच झालं. पुढचं मी मांडलेलं नव्हतं. दादा माझ्या खोलीत आला, भिंत पाहिली, मोटारीची घरघर ऐकली, माझी बोटं हातात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऊठ क्षमे. उद्याची दोन तिकिटं काढलीत. वहिनीने खोली तयार ठेवली आहे. आता सांगली सोडायची नाही."

मागे दारात विजयेंद्र उभे होते. ते नाही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "थोडे दिवस जाऊन ये ना, क्षमा. हवापालट होईल."

थोडे दिवस. नऊ दिवस. या घरात सगळे जण दिवसच देतात आणि आपण परत मागायला गेलो की खोली बदललेली असते. सांगलीला दादाची माणसं मला तळहातावर ठेवतील, हे मला ठाऊक होतं. पण तिथे आखूड हाताची अंजलै नाही, गुरुराजांची गाडी नाही. मी गेले की माझी खिडकी गेली. अक्कांना खोड्यात अडकवायला निघाले आणि माझाच पाय त्यात गेला. आता शब्दाचा उलगडा केला तर अक्का सुटतात, आणि अक्का सुटल्या की मी या भिंतीशी पडून राहते. नाही केला तर सांगली.

मी उठले. दादा हात द्यायला आला, त्याला नको म्हटलं. मागच्या खोलीपासून हॉलपर्यंत भिंत, कपाट, फ्रिज, पुन्हा भिंत, असा माझा रस्ता आहे. सकाळचे साडेअकरा वाजले होते म्हणून गुडघे निदान वाकत तरी होते. विस्कटलेले केस, मॅक्सी, अंगावर जुना टॉवेल, अशी मी नऊ पायऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. परीक्षकांतली एक चटकन उठली आणि तिने आपली खुर्ची मला दिली. मी बसले नाही.

बायकांनी आपापलं लावून घ्यावं म्हणून अक्कांनी हळदकुंकवाचं तबक धरलं होतं. "क्षमा, तूं आंत जा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षांत मी या घराची बोली कधी बोलले नव्हते. सांगलीची भाषा शुद्ध, असा माझा तोरा होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. सासूबाईंचा सूर मला नीट आठवत होता, जड जीभ आणि लांबवलेला शेवट.

"मज हालांत ने, सई."

तबक कलंडलं. कुंकू जांभळ्या कांजीवरमवर सांडलं, फरशीवर सांडलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या पण मी त्यांना दिसत नव्हते. त्या हळूहळू भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली बसल्या. विजयेंद्रांनी पंख्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सात महिने म्हणाली ती," अक्का म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही. "मी उद्यां म्हणत होत्यें. दहाच पावलं होतीं."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. ते दहा पावलांचं माझ्याही जिव्हारी लागलं, तेही लपवणार नाही. पण लागलं ते नंतर.

दादा अजून तिथेच होता, काही न कळलेला. त्याच्याकडे वळून मी म्हटलं, "दादा, हाल म्हणजे हॉल. इथे असंच म्हणतात."

"हॉल?"

"बैठकीची खोली. त्या खिडकीशी माझा पलंग होता. मला तिथेच राहायचं आहे."

दादाने तो शब्द उलटसुलट करून पाहिला. मग तो खाली बसला आणि कोणी तरी त्याच्या हातात दिलेला सुंडलाचा द्रोण त्याने खायला घेतला. दोन घास झाल्यावर त्याने मान वर केली. "मग सोसते आहे म्हणालीस ते?"

"ते खरं आहे."

पलंग त्याच दुपारी परत आला. एका बाजूने दादाने उचलला, दुसऱ्या बाजूने विजयेंद्रांनी, मजूर न बोलावता. खिडकी आणि गोलू यांच्यात तो जेमतेम बसला, म्हणून अक्कांनी शेवटच्या दोन पायऱ्या स्वतःच्या हातांनी काढल्या. स्पर्धेत आम्हाला काहीही मिळालं नाही. संध्याकाळी मंडळाने काढलेल्या फोटोत सात पायऱ्या, बाहुल्या, आणि डाव्या कोपऱ्यात माझा सुजलेला पाय आहे. तो फोटो मी जपून ठेवला आहे.

दादा परत गेला, एक तिकीट वाया घालवून. दसऱ्याला एक बाहुली आडवी निजवून गोलू आवरायची पद्धत आहे, तसा तो आवरला. त्याच दिवशी साडेतीनला अक्का कॉफी घेऊन आल्या. प्लास्टिकचा कप नव्हता. स्टीलचा टंबलर होता, माझा, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो माझ्या दोन्ही तळव्यांत ठेवला, पण स्वतःचे हात काढून घेतले नाहीत, बाहेरून माझ्या बोटांवर तसेच धरून ठेवले. खाली अंजलै हात लावून गजरा मोजत होती. समोर गुरुराज दिवसातून दुसऱ्यांदा फडकं घेऊन निघाले होते. माझ्या पेरांत ऊब उतरू लागली.

"क्षमा," अक्का म्हणाल्या, "मज एक बोलायचं आहे तुज. त्या दिवशींचं. आईचंही." माफी हा शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आला होता, मला दिसत होता.

मी बोट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"उद्यां, अक्का," मी म्हटलं, आणि कॉफी प्यायला घेतली.